पोरीचे दात आणि मोबाइलचा फोटो



पोरीचे दात वेडेवाकडे आहेत म्हटलं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं: "लग्नाच्या वेळी पाहू." तोवर जबड्याची वाढ थांबलेली असते. पोरींची वाढ पोरांच्या आधी संपते, म्हणून थांबण्याचा तोटाही त्यांनाच जास्त. सातव्या-आठव्या वर्षी पुढचे पक्के दात येऊ लागतात, तेव्हाच एकदा दाखवायला पाहिजे.

पण दाखवायचं कुठे? तारा लावणारे तज्ज्ञ अमरावतीत, नाहीतर अकोल्यात. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये मेळघाटचा घाट. तिथे पोचल्यावर कधी कळतं, "अजून दुधाचे दात पडायचे आहेत, वर्षभरानं या." मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं. हा हेलपाटा फोटोनं वाचू शकतो.

फोटोवरून तारा लागत नाहीत. हिरडीत अडकलेला सुळाही दिसत नाही, त्याला एक्स-रेच पाहिजे. पण आता यायचं की थांबायचं, एवढं बरेचदा सांगता येतं.

लेकराला दारात उजेडाकडे तोंड करून बसवा. मागच्या दाढा घट्ट मिटायला सांगा. नुसतं "दात दाखव" म्हटलं की लेकरं जबडा पुढे सरकवतात आणि फोटो फसवा निघतो. समोरून, डावीकडून, उजवीकडून. मग तोंड उघडून वरची आणि खालची रांग. गाल बाजूला धरायला स्वच्छ चमच्याची दांडी चालते. एक फोटो चेहऱ्याचा, बाजूनं, ओठ सैल सोडून. सोबत वय लिहा, अंगठा चोखते का, तोंडानं श्वास घेते का, तेही.

मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजलं, तरी आजूबाजूच्या पाड्यांवर रेंज शोधावीच लागते. फोटोचं बरं असं, की तो रेंज आली की जातो. व्हिडिओ कॉलसारखं ताटकळावं लागत नाही. उपकेंद्रातून सरकारच्या ई-संजीवनीवर डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. दाताचे डॉक्टर कोणत्या दिवशी मिळतील, ते आधी समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा.

खालचे दात वरच्यांच्या पुढे बसत असतील तर मात्र वर्ष घालवू नका. ओठ किंवा टाळू फाटलेला असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत, अंगणवाडीत येतं, त्यांना लगेच दाखवा.

आणि फोटो डॉक्टरांच्याच नंबरवर पाठवा, गावच्या ग्रुपवर नको. पोर आठ वर्षांची असली तरी तिला विचारून.