मुलांचे वाचन : शाळा आणि ग्रंथालय यांचे उत्तरदायित्व



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसायाने कापड व्यापारी. साहित्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु एक अनुभव आपणांपुढे ठेवावा, असे मनापासून वाटते.

माझ्या प्राथमिक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांचे एक कपाट होते. चार वर्षांत ते आमच्यासाठी एकदाही उघडले नाही. गुरुजी प्रेमळ होते. परंतु पुस्तक हरवल्यास भरपाई आपल्या पगारातून होईल, ही धास्ती त्यांना होती. पुस्तके सुरक्षित राहिली; आमचे बालपण मात्र त्यांवाचून सरले.

बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी 1906 साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मात्र शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल तर शिकलेली अक्षरे विसरली जातात, हे त्यांनी ओळखले. म्हणून 1910 साली अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे विणले. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. वाचकाची वाट न पाहता ग्रंथालयच त्याच्या दारी गेले!

आम्ही व्यापारीही थान उलगडून गिऱ्हाइकापुढे पसरतो. फडताळातले कापड आपोआप खपत नाही. 2015 पासून 15 ऑक्टोबरला आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. तो स्तुत्यच, तथापि एका दिवसाने सवय जडत नाही. गावच्या वाचनालयाने दर पंधरवड्यास तीस पुस्तकांची पेटी शाळेत पाठवावी. शिक्षकांनी एक गोष्ट वाचून दाखवावी, उरलेली पुस्तके मुलांनी आवडीने निवडून घरी न्यावीत. महिन्यातून एकदा मुलांनीच वाचनालयात जाऊन नवी पेटी भरावी.

पुस्तके फाटतील, काही हरवतील. कापडाच्या धंद्यातही घट येते. ती आम्ही नोकराच्या पगारातून वळती करीत नाही, दुकानाच्या खाती टाकतो. पुस्तकांची घटही संस्थांनी सोसावी, शिक्षकांवर लादू नये. अशी पेटी आपल्या गावात सुरू झाल्यास पहिल्या वर्षाची घट भरून देण्याची जबाबदारी मी आज आपणांसमक्ष स्वीकारतो. कपाटाची किल्ली तेवढी आपण बाहेर काढावी, ही नम्र विनंती.