‘मेक हिम हॅपी’ आणि सीमाभागातली कन्नड

निपाणी-बेळगाव पट्ट्यात मराठी शाळेतल्या मुलांच्या कानावर कन्नड असतेच. त्यात इंग्रजीची भर पडली की घोटाळा होणार, असं सर्रास म्हटलं जातं. पण चुका नेमक्या कुठे होतात ते पाहा. ‘त्याला खूश कर’ म्हणजे ‘मेक हिम हॅपी’. मुलं ‘मेक टू हिम’ म्हणतात, कारण ती ‘ला’ हा प्रत्यय शोधत असतात. तो ‘हिम’मध्येच मुरलेला आहे. ही ओढ मराठीची. विशेषणापुरती मात्र कन्नड मदतीलाच येते. मराठीत आपण भिंत पांढरी करतो, घर पांढरं करतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘मेक इट व्हाइट’. कन्नडमध्येही ‘दोड्ड हुडुग’, ‘दोड्ड हुडुगि’, ‘दोड्ड मने’. मुलगा, मुलगी, घर काहीही असो, ‘दोड्ड’ (मोठा) हे रूप बदलत नाही.

भाषांची सरमिसळ होईल, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण सांगलीकडच्या कुपवाड गावाविषयी गम्पर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांनी १९७१ मध्ये दाखवलं, की तिथल्या मराठी, कन्नड, उर्दूची वाक्यरचना जवळजवळ सारखी झाली, तरी शब्द आपापलेच राहिले. खरी अडचण क्रमाची. मराठी-कन्नड दोघी क्रियापद शेवटी ठेवतात, इंग्रजीत ‘मेक’ मात्र आधी येतं. सराव त्याचाच करून घ्यावा.