एकेंद्रिय ते पंचेंद्रिय : जीवविचार आणि जीवशास्त्र
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात श्रीरामपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आपल्या पाठशाळेतील मूल सकाळी जीवांचे भेद पाठ करते. मुंगी तेइंद्रिय, म्हणजे तिला स्पर्श, रस आणि गंध ही तीन इंद्रिये, डोळे नाहीत. तेच मूल दुपारी शाळेत जाते. तेथे मुंगी संधिपाद संघातील कीटक वर्गात बसते आणि भिंगाखाली तिचे संयुक्त नेत्र दाखविले जातात. संध्याकाळी ते घरी विचारते, यातले खरे कोणते? आपण मोठी माणसे बहुधा दोन उत्तरे देतो. एक, असे प्रश्न विचारू नयेत. दुसरे, विज्ञान आज सांगते ते आपल्या आगमांत आधीच आहे. ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. पहिल्याने मूल गप्प होते आणि दुसऱ्याने, ते मोठे झाल्यावर, त्याचा आपल्यावरील विश्वास उडतो.

प्रथम सजीव कशाला म्हणावे ते पाहू. श्वेतांबर व दिगंबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात जीवाचे लक्षण उपयोग असे सांगितले आहे. येथे उपयोग म्हणजे वापर नव्हे. जाणण्याचा, अनुभवण्याचा व्यापार, म्हणजेच चेतना. जीवशास्त्र वाढ, पुनरुत्पादन, चयापचय आणि प्रतिसाद ही लक्षणे मोजते. परंतु एकेक लक्षण तपासू लागले की अडचण येते. आपल्या तालुक्यातील कोणत्याही साखर कारखान्यात पॅनमधील दाणा डोळ्यांदेखत मोठा होतो, म्हणून साखर सजीव ठरत नाही. खेचराला संतती होत नाही आणि कामकरी मधमाशीही वंश वाढवीत नाही, तरी त्यांना निर्जीव कोण म्हणेल? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात ही सर्व चर्चा करून शेवटी परिसराची जाणीव हे सजीवांचे निर्णायक लक्षण मानले होते. ते वाचताना पाठशाळेत शिकलेल्या मुलाला ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटेल. मात्र पुस्तकातील जाणीव म्हणजे प्रकाश, पाणी, उष्णता यांना दिलेला प्रतिसाद होय. आत्मा हा तेथील विषयच नाही. हा भेद मुलांना सांगितला पाहिजे.

आता वर्गीकरण. उत्तराध्ययनाच्या छत्तिसाव्या अध्ययनात, श्यामाचार्यांच्या प्रज्ञापनेत, शांतिसूरींच्या जीवविचार प्रकरणात आणि दिगंबर परंपरेत नेमिचंद्राचार्यांच्या गोम्मटसाराच्या जीवकांडात हा विषय विस्ताराने आला आहे. त्याचा कणा इंद्रिये हा आहे. इंद्रियांबरोबर प्राणही वाढतात. एकेंद्रियाला स्पर्शेंद्रिय, कायबल, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य असे चार प्राण. बेइंद्रियाला रसना व वचनबल मिळून सहा, तेइंद्रियाला सात, चौरिंद्रियाला आठ, असंज्ञी पंचेंद्रियाला नऊ आणि मन असलेल्या संज्ञी पंचेंद्रियाला दहा. प्राणांचा वियोग करणे म्हणजे हिंसा, ही व्याख्या ध्यानात घेतली की या आकड्यांचा हेतू कळतो. कोणत्या जीवाजवळ काय आहे आणि आपल्या हातून त्याचे काय हिरावले जाऊ शकते, याचा तो हिशेब आहे.

हा हिशेब पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, प्रवरेचे पाट वाहू लागले आणि हा सारा परिसर उसाचा झाला. अशा एखाद्या एकर उसात मनाने शिरून पाहा. ऊस स्वतः एकेंद्रिय, प्रत्येक वनस्पती. दशवैकालिकाच्या चौथ्या अध्ययनात वनस्पती कशा उगवतात यावरून त्यांचे प्रकार केले आहेत : कोणी शेंड्यापासून, कोणी मुळापासून, कोणी पेरापासून, कोणी खोडापासून, कोणी बीपासून. पेरापासून उगवणारा तो पर्वबीज, आणि त्याचे ठळक उदाहरण ऊसच. आपला शेतकरी दोन डोळ्यांची टिपरी सरीत दाबतो तेव्हा तो पर्वबीजच लावीत असतो. वनस्पतिशास्त्र याला शाकीय पुनरुत्पादन म्हणते. अहिंसेच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची आहे, कारण कापलेले कांडे मेलेले नसते, हे तिच्यावरून मुनींना कळत होते.

त्याच सरीतील ओल्या मातीत गांडूळ आहे, ते बेइंद्रिय. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत. प्रकाशाची जाण त्याला त्वचेतील पेशींमार्फत होते. बांधावर मुंग्या आणि वाळवी, ही तेइंद्रिये. कांडेकिड्याचा पतंग, मधमाशी आणि दगडाखालचा विंचू ही चौरिंद्रिये. आणि दाट उसाच्या मध्यभागी पिलांसह बिबट्याची मादी असू शकते, हे प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात कोणाला सांगावे लागत नाही. ऊसतोडीच्या वेळी सापडलेली पिले आईकडे परत पोहोचविण्याचा प्रयत्न वनखाते करते. ती संज्ञी पंचेंद्रिय, तोडणारा मजूरही संज्ञी पंचेंद्रिय, आणि दोघांचे भय एकच. आहार, भय, मैथुन आणि परिग्रह या चार संज्ञा सर्व संसारी जीवांना आहेत असे शास्त्र म्हणते. त्यांतील भयसंज्ञा तेथे दोन्ही बाजूंनी उभी असते.

काही ठिकाणी प्राचीन निरीक्षणाची सूक्ष्मता पाहून मन थक्क होते. उंबर, वड, पिंपळ आदी पाच फळे श्रावकाला वर्ज्य आहेत, कारण त्यांत त्रस जीव असतात. उंबर फोडले की आतून बारीक पाखरे उडतात, हे खेड्यातील पोरालाही ठाऊक असते. वनस्पतिशास्त्र सांगते की उंबराचे फळ हा आत वळलेला फुलांचा गुच्छ आहे. एक लहानशी गांधीलमाशी त्याच्या तोंडाशी असलेल्या छिद्रातून आत जाते, परागीभवन करते आणि तेथेच अंडी घालते. माशीवाचून झाडाला बी नाही आणि झाडावाचून माशीला घर नाही. त्याचप्रमाणे प्रज्ञापनेत भूछत्रांचा कुहण हा निराळा गट केला आहे, जरी तो वनस्पतींतच ठेवला आहे. पाश्चात्त्य शास्त्रातही लिनियसपासून पुढे दीर्घकाळ कवके वनस्पतींतच होती. १९६९ साली व्हिटेकर यांनी पाच सृष्टींची मांडणी केली, तेव्हा त्यांची स्वतंत्र सृष्टी सर्वत्र रूढ झाली.

काही ठिकाणी मात्र मेळ बसत नाही, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. बहुतेक मुंग्यांना डोळे असतात. वाळवीच्या कामकऱ्यांना बहुधा नसतात. रातकिड्याला आपण चौरिंद्रियात धरतो, पण त्याच्या पुढच्या पायांवर ऐकण्याचे अवयव असतात. एकेंद्रिय ते चौरिंद्रिय यांचा जन्म संमूर्च्छिम, म्हणजे माता-पित्यांच्या संयोगावाचून, मानला आहे. मांसातील अळ्या माश्यांच्या अंड्यांतून होतात हे रेडी यांनी १६६८ साली दाखविले, आणि सूक्ष्म जंतूही आपोआप उत्पन्न होत नाहीत हे पाश्चर यांनी १८६० च्या सुमारास सिद्ध केले. निगोद म्हणजेच जिवाणू, असे काही व्याख्याते सांगतात. निगोदात अनंत जीवांचे एक शरीर आणि एक श्वास असतो. जिवाणूची प्रत्येक पेशी आपापले शरीर घेऊन जगते. अशी ओढाताण करून शास्त्राचा मान वाढत नाही.

चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींविषयीही थोडे बोलतो. २०११ साली एका अभ्यासात पृथ्वीवरील प्रजातींची संख्या सुमारे ८७ लाख असावी असा अंदाज प्रसिद्ध झाला. तेव्हापासून हे दोन आकडे शेजारी ठेवून शास्त्र सिद्ध झाले म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. आपलीच गणती नीट वाचा. पृथ्वी, अप, तेज, वायू यांच्या प्रत्येकी सात लक्ष, प्रत्येक वनस्पतीच्या दहा लक्ष, साधारण वनस्पतीच्या चौदा लक्ष : चौऱ्याऐंशीपैकी बावन्न लक्ष एकेंद्रियांच्याच. देवांच्या चार लक्ष, नारकींच्या चार लक्ष आणि मनुष्याच्या चौदा लक्ष. जीवशास्त्रात आजची सारी मानवजात एकाच प्रजातीची आहे. योनी म्हणजे उत्पत्तिस्थान, प्रजाती नव्हे. म्हणून ही तुलनाच होऊ शकत नाही. त्या ८७ लाखांत जिवाणूही धरलेले नाहीत. मला त्या बावन्न लक्षांचेच अधिक मोल वाटते. जगातील बहुसंख्य जीव हलत नाहीत, ओरडत नाहीत, आणि तरीही ते जीव आहेत, हे त्या गणतीत ठसठशीतपणे नोंदले आहे.

मग दोन वर्गीकरणे इतकी वेगळी का? कारण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. लिनियसने १७५३ साली वनस्पतींना आणि १७५८ साली प्राण्यांना द्विनाम पद्धती पद्धतशीरपणे लावली. डार्विनच्या १८५९ मधील ग्रंथानंतर वर्गीकरण म्हणजे सजीवांची वंशावळ झाली. १९७७ साली वूस यांनी पेशीतील रेणू तुलून तिची एक संपूर्ण नवी शाखा शोधली. तेथे विचारले जाते, कोण कोणाचा आप्त? म्हणून विंचू कोळी व गोचीड यांच्या कुळात जातो. आपल्याकडे विचारले जाते, कोणाला किती जाणवते? म्हणून विंचू माशीच्या आणि भुंग्याच्या पंक्तीला बसतो. दोन प्रश्नांची उत्तरे एक यावीत, असा आग्रह कशासाठी?

उलट, दुसरे उत्तर पहिल्याच्या कामी येते. २००२ साली महाराष्ट्रातील उसावर लोकरी माव्याची मोठी साथ आली. पाने काळवंडली आणि शेतकरी हवालदिल होऊन औषधांचे फवारे मारू लागले. पुढे कीटकशास्त्रज्ञांनी डिफा आणि मायक्रोमस हे मावा खाणारे कीटक ओळखून दिले आणि शेतकऱ्यांनी ते आपल्या फडांत सोडले. मित्रकीटक मावा खातात, म्हणजे हिंसा तेथेही थांबली नाही. परंतु मधमाशी, फुलपाखरू, कोळी असे निरपराध असंख्य जीव जे सरसकट फवाऱ्याने मरतात, ते पुष्कळसे वाचले. डिफाची अळी आणि खोडकिडीची अळी यांतील फरक जाणणाऱ्यालाच हे साधते. येथे ओळखीवाचून दया आंधळी राहते.

हे मी येथे बोलतो, कारण श्रावकाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे आणि यंत्रपीडनही आहे. शेतीऔषधांची दुकाने, धान्याची आडत, किराणा हे आपल्या समाजातील कित्येक घरांचे उपजीविकेचे साधन आहे. गोदामात सोनकिडे पडले की काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक पावसाळ्यात दारात येतो. त्यावर दुकान बंद करा असे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण धान्य कडक वाळवून हवाबंद साठविले तर कीड मुळात कमी होते. औषध मागणाऱ्या शेतकऱ्याला काउंटरवरील मनुष्य कीड पाहिल्यावाचून बाटली देणार नाही, इतके तरी होऊ शकते. त्यासाठी त्याला कीड ओळखता आली पाहिजे. ते शिक्षण पाठशाळेत का मिळू नये?

विश्वस्तांना माझी विनंती आहे की, जीवविचाराच्या वर्गाला एक साधे भिंग आणि एक वही द्यावी. वहीत दोन रकाने असावेत. एकात इंद्रिये आणि प्राण, दुसऱ्यात संघ, वर्ग आणि तो जीव काय खातो ते. जेथे दोन्ही रकाने जुळणार नाहीत, तेथे शिक्षकांनी ते तसेच राहू द्यावेत. वळवाचा पहिला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात. त्या वेळी चातुर्मासाला थोडाच अवधी राहिलेला असतो. पुढील वर्षीचा पहिला पाठ मुलांना त्या कडुनिंबाखाली नेऊन घेता येईल. कंदील मात्र झाकलेला असावा, म्हणजे पतंग त्यावर येऊन पडणार नाहीत.

जय जिनेंद्र.