चोरटी हवा

अब्बांच्या मागे त्यांची शंभर सीसीची जुनी मोटारसायकल माझ्याकडे आली. एके दिवशी उतारावरच्या वळणावर मूठ सोडली, तरी इंजिन ओरडतच राहिलं. मागे अम्मी बसलेली! ब्रेक दाबून कशीबशी आवरली.

गॅरेजवाल्याने आयडलचा स्क्रू मागे फिरवून दिला. ताप उतरावा म्हणून थर्मामीटर झटकावा, तसलाच हा प्रकार. रेस उतरली, पण सकाळी थंड गाडी सुरू होताच बंद पडू लागली.

मग मीच बसलो. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे वळवलं. आवाज बदलला नाही, म्हणजे केबल ताणलेली नव्हती. प्लग काढला तर पांढराफटक. पेट्रोल कमी, हवा जास्त. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडावर साबणाचं पाणी थोडं थोडं सोडलं. (काही जण पेट्रोल शिंपडतात, गरम इंजिनावर तो खेळ नकोच.) आवाज एकदम खाली आला! पाण्याने भेग क्षणभर बुजली होती. चोरटी हवा तिथूनच आत शिरत होती.

नवा जोड बसवला, स्क्रू पुन्हा जागेवर आणला. आता मूठ सोडली की इंजिन शांत होतं. अम्मी मात्र म्हणते, “आधी तू एकटा चौकापर्यंत जाऊन ये.”