व्याकरण केव्हा सुरू करावे?

(ब्लॅकटाउन येथील मासिक बैठकीतील भाषण)



आपल्यापैकी काही जण मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. बाकीचे बहुतेक जण निदान मराठी तरी घरी शिकवतात. दोघांचाही मला एकच प्रश्न असतो: व्याकरण कितव्या वर्षी सुरू करायचे? मी भाषाशास्त्रज्ञ नाही. पण पुरावा पाहून मत बनवण्याची सवय प्रयोगशाळेने लावली आहे, म्हणून त्याच रीतीने मांडतो.

माझे मत आधीच सांगतो. मराठीतले विभक्तीचे तक्ते आणि नियमांची नावे साधारण नऊ-दहा वर्षांच्या आधी नकोत. तोवर भाषा हवी, आणि ती भरपूर हवी.

चार वर्षांचे मूल "मी करलं" म्हणते, आणि आपण लगेच टोकतो. पण 'करलं' ते कुठून शिकले? घरात तर कुणीच तसे बोलत नाही. टाकलं, पकडलं, उघडलं ही रूपे ऐकून त्याने नियम स्वतः शोधला आणि 'कर'ला लावला. म्हणजे ती चूक नियम समजल्याचीच खूण आहे. जीन बर्को यांनी १९५८ साली अमेरिकेत लहान मुलांना 'वग' हा बनावट शब्द देऊन त्याचे अनेकवचन विचारले. कधीही न ऐकलेले ते रूप बहुतेक मुलांनी बरोबर सांगितले. व्याकरण मुलाच्या डोक्यात असतेच, फक्त त्याची परिभाषा नसते.

मग परिभाषा लवकर शिकवल्याने भाषा सुधारते का? शेजारच्या न्यूझीलंडमध्ये एली आणि सहकाऱ्यांनी २४८ विद्यार्थ्यांचा तीन वर्षे अभ्यास केला. तो १९७५ साली प्रसिद्ध झाला. औपचारिक व्याकरण शिकलेल्यांचे लेखन इतरांपेक्षा सुधारल्याचे दिसले नाही. हे विद्यार्थी माध्यमिक शाळेतले होते आणि विषय इंग्रजी होता, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याला लावता येणार नाही. तरीही मोठ्या मुलांना जे फारसे उपयोगी पडले नाही, ते पाच वर्षांच्या मुलावर लादण्याआधी विचार करायला हवा.

आपली अडचण मात्र वेगळी आहे. इथल्या मुलाच्या कानावर मराठी फार थोडी पडते. 'माझा वही', 'घोडाला' असे ते बोलते, कारण 'माझी वही', 'घोड्याला' त्याने पुरेसे ऐकलेलेच नसते. ती उणीव तक्त्याने भरत नाही. शिवाय पुण्यातल्या मुलाला टोकले तर ते मराठीतच रुसते, इथले मूल इंग्रजीत निघून जाते. म्हणून "घोडाला गवत दे" यावर "हो, घोड्याला गवत देऊ या" एवढेच उत्तर द्यावे. बरोबर रूप कानावर पडले आणि संभाषणही चालू राहिले.

आपण राहतो ती भूमी धरुग लोकांची. लेफ्टनंट विल्यम डॉज यांनी १७९०-९१ मध्ये पाटियेगरांग या तरुणीच्या मदतीने सिडनीच्या मूळ भाषेची क्रियापदरूपे वह्यांत टिपली. पुढे आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून इंग्रजी वळणावर आणणारी 'नेटिव्ह इन्स्टिट्यूशन' १८२३ साली पॅरामॅटाहून इथे आली. ब्लॅकटाउन हे नाव त्यावरूनच पडले. डॉजच्या वह्या आज भाषेच्या पुनरुज्जीवनाला मोलाच्या ठरतात. पण व्याकरण लिहून ठेवल्याने भाषा बोलती राहिली नाही. मुलांशी त्या भाषेत बोलणारी माणसे दूर केली गेली, तिथे साखळी तुटली. आपल्यावर तशी सक्ती कुणी केलेली नाही, म्हणून आपली जबाबदारी जास्त.

एक व्यावहारिक बाब. घरी शिकवण्यासाठी न्यू साउथ वेल्सच्या एज्युकेशन स्टँडर्ड्स ऑथॉरिटीकडे नोंदणी लागते, आणि इंग्रजीच्या अभ्यासक्रमात वाक्यरचना पहिल्या इयत्तांपासूनच आहे. ती शिकवावीच लागेल. मुलाने स्वतः लिहिलेल्या वाक्यावरून शिकवली तर जड जाणार नाही. मराठीबाबत मात्र आपण मोकळे आहोत.

मग नऊ-दहाव्या वर्षी काय बदलते? मूल वाचू-लिहू लागलेले असते, भाषेकडे थोडे लांबून पाहू शकते. सांगितलेल्या नियमाचा फायदा लहानांपेक्षा मोठ्या मुलांना अधिक होतो, हेही संशोधनात दिसले आहे. तेव्हा 'घोडा-घोड्याला, रस्ता-रस्त्याला' अशी जोड्यांची यादी त्यालाच करू द्या. नियम त्याने सांगावा, 'सामान्यरूप' हे नाव आपण शेवटी द्यावे. आजी 'व्हतं' म्हणते आणि पुस्तकात 'होतं' असते, हाही अभ्यासाचा विषय होऊ द्या. त्यात आजीला अशुद्ध ठरवण्याचे कारण नाही.

ज्ञानेश्वरी १२९० सालची. दादोबा पांडुरंगांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली आले. भाषा आधी आणि तिचे शास्त्र मागाहून, हाच क्रम घरातही ठेवू या. ज्यांचा अनुभव याहून वेगळा असेल त्यांनी आता चर्चेत जरूर मांडावा.