नानखटाई विकायची की द्यायची?

(महासंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण)



२१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ साली याच दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याच्या हल्ल्यात आपले १० जवान शहीद झाले. लडाख दूर आहे, पण हे दुःख आपल्याला नवीन नाही. १ मे २०१९ ला शेजारच्या गडचिरोलीत भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेले.

काही गटांनी विचारलं, "मॅडम, त्या दिवशी शहिदांच्या नावानं नानखटाई विकायची का?"

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये २५ एप्रिलला १९१५ च्या गॅलिपोली लढाईतल्या सैनिकांची आठवण काढतात. तेव्हा घरोघरी ओट्स आणि खोबऱ्याची 'अँझॅक' बिस्किटं होतात. पण ऑस्ट्रेलियात ते नाव धंद्यासाठी वापरायला सरकारी परवानगी लागते. आठवणीचा बाजार होऊ नये, एवढाच अर्थ.

म्हणून माझं म्हणणं असं: दिवाळीची नानखटाई जरूर विका, पण आपल्या गटाच्या नावानं. पाकिटावर शहिदांचा फोटो नको, तिरंगाही नको. जाहिरातीसाठी तिरंगा वापरता येत नाही, आणि रिकामं पाकीट शेवटी उकिरड्यावरच जातं ना?

२१ तारखेची नानखटाई मात्र द्यायची. जवळच्या पोलीस दूरक्षेत्रात एक डबा. आणि ज्या घरचं माणूस या हिंसेत गेलं, त्या घरी एक डबा. मग तो पोलीस असो की गावातला साधा माणूस. आधी एकीनं जाऊन त्या बाईला विचारायचं, "आम्ही आलो तर चालेल का?" ती नको म्हणाली तर आग्रह करायचा नाही. आणि फोटो काढायचे नाहीत.

खर्चासाठी गटाच्या बचतीला हात लावू नका. कुणी वाटीभर मैदा, कुणी साखर, जमेल ते आणा.

प्रमाण लिहून घ्या: मैदा ७०० ग्रॅम, बेसन २००, रवा १००, तूप ६००, पिठीसाखर ६००, वेलची. तूप-साखर हलकी होईपर्यंत फेसा, मग पीठ मिसळा. पाणी घालू नका, म्हणजे टिकते. भट्टीवर मंद आचेत भाजून घ्या. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा भरू नका, नाहीतर मऊ पडते.

सध्या हलका धान कापणीला येतो, वेळ कमी आहे हे मला माहीत आहे. तरी प्रत्येक गटानं एक तरी डबा करावा. कोणत्या घरी कोण जाणार, ते आजच ठरवून वहीत लिहूया.