मुरगळणारा पाय



उसाच्या बांधावरून जाताना पाय मुरगळतो. सूज उतरते, पण तोच पाय पुन्हा पुन्हा दगा देतो. इथे वरकुट्यात आमचेही तसेच झाले. हा नशिबाचा दोष नव्हे. घोट्याचे बंध ताणले, की पाऊल कसे पडते याची जाणीव मंदावते. भार बाहेरच्या कडेवर जातो.

ती जाणीव पायाला पुन्हा शिकवता येते. परदेशात पायाला लहान यंत्र बांधून पाहिले आहे. भार बाहेर गेला, की ते थरथरते. माणूस पाऊल सावरतो.

आपल्याजवळ यंत्र नाही, डोळे तर आहेत ना? मऊ धुळीत चाला. मागे वळून ठसा बघा. बाहेरची कड खोल दिसली, तर भार आत घ्या. रोज भिंतीला हात टेकून थोडा वेळ एका पायावर उभे राहा.

मात्र पाय टेकवतच नसेल, तर आधी दवाखाना गाठा. हाड मोडलेले असू शकते.

आपण अक्षर गिरवून शिकलो. पाऊलही तसेच गिरवू या.